ऑडिओस्लेव्हचा पहिला अल्बम इतका फसलेला नाही

ऑडिओस्लेव्ह म्हणजे 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडचे तिघे वादक आणि 'साउंडगार्डन' या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल. 'रेज'ची आग विझली आणि 'साउंडगार्डन'चा गूढपणाही हरवला, ही त्यांच्या २००२च्या या अल्बमबद्दलची तक्रार मला अर्धीच पटते. राजकीय धार गेली, खरंच. पण 'रेज'चा गायक झॅक दे ला रोचा याची जागा भरायला क्रिस कॉर्नेल आलाच नव्हता! तो सुरांचा माणूस. त्याच्या गळ्याला मोकळीक मिळावी म्हणून मोरेलो (गिटार), कॉमरफोर्ड (बास) आणि विल्क (ड्रम्स) यांनी आपलं वाजवणं बदललं. 'लाइक अ स्टोन' पुन्हा ऐका, हेडफोन लावून. कडव्यांत गिटार मागे राहते, आणि मग मोरेलोचा तो चिरकत वर चढणारा सोलो! काय गायलाय कॉर्नेल त्यात. उत्तरार्ध मात्र मलाही सैल वाटतो. १४ गाणी जास्तच झाली, तीन-चार सहज गाळता आली असती.