स्वतःला ओळखायचं तर आत बघायचं की आजूबाजूला?

धुळाक्षर (धागाकर्ता):
स्वतःला समजून घ्यायचं म्हटलं की लोक आत्मपरीक्षणाला बसतात. माझं मत असं की या कामी मानसशास्त्राच्या प्रश्नावलीपेक्षा मानवशास्त्राची, म्हणजे माणसांमध्ये राहून त्यांचं वागणं टिपणाऱ्या अभ्यासाची, टिपणवही जास्त उपयोगी पडते. कारण आपल्याच वागण्याची कारणं आपल्याला ठाऊक नसतात. निस्बेट आणि विल्सन यांच्या 1977च्या लेखातला प्रयोग बघा. पायमोज्यांच्या चार अगदी एकसारख्या जोड्या ओळीने मांडल्या होत्या. उजव्या टोकाच्या जोडीला डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारल्यावर मोज्यांचे गुण सांगितले गेले, जागेचं नाव आपणहून कोणीच घेतलं नाही.

म्हणून पंधरा दिवस स्वतःकडे परक्यासारखं बघा. रोज तीन प्रसंग त्याच संध्याकाळी लिहा: कोण हजर होतं, कोण कुठे बसलं, मला कोणत्या नावाने किंवा नात्याने हाक मारली गेली, माझे नेमके शब्द काय होते. अर्थ मात्र समोरच्या पानावर लिहायचा. बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. 'मी चिडून म्हणालो' यातलं 'चिडून' म्हणजे अर्थ झाला. आवाज चढला, वाक्य अर्धवट तोडलं, ही नोंद झाली. दुसरी चूक म्हणजे फक्त भांडणं आणि समारंभ टिपणं. चहाच्या वेळची बिनमहत्त्वाची बोलणीच जास्त सांगून जातात.

कसोटी:
साफ असहमत. निस्बेट आणि विल्सन स्वतः मानसशास्त्रज्ञ. आत्मपरीक्षणाच्या मर्यादा मानसशास्त्राने प्रयोग करून दाखवल्या, आणि तुम्ही त्याच पुराव्याने मानसशास्त्राला बाद करताय!

शिवाय तुमच्या वहीत निरीक्षक तुम्ही आणि निरीक्षणाचा विषयही तुम्हीच. कोणते तीन प्रसंग निवडायचे हे तोच मेंदू ठरवणार. त्यापेक्षा बाहेरचं माप घ्या. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझिरे यांच्या 2010च्या अभ्यासात एक उपयोगी विभागणी आहे. चिंता, मनाची अस्थिरता यांबाबत माणसाचं स्वतःचं उत्तर मित्रांपेक्षा अचूक निघालं. बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांबाबत मित्र वरचढ ठरले, कारण तिथे अहंकार आड येतो. म्हणून एकच प्रश्नावली, 1 ते 7 गुणांची, स्वतः भरा आणि वेगवेगळ्या वर्तुळांतल्या पाच जणांना द्या. उत्तरं निनावी घ्या, सरासरी काढा, आणि जिथे दोन गुणांहून जास्त फरक पडतो तिथेच थांबून विचार करा. पाचही जण एकाच कार्यालयातले असतील तर तुम्हाला तुमची कार्यालयातली प्रतिमा कळेल, तुम्ही नाही.

अंतरपाट:
कसोटी, तुमचं शेवटचं वाक्यच धुळाक्षर यांच्या बाजूचं आहे. वर्तुळ बदललं की माणूस बदलतो, तर मग सरासरी कशाची काढायची?

समाजशास्त्रज्ञ कून आणि मॅकपार्टलंड यांनी 1954 साली वीस विधानांची चाचणी मांडली. 'मी कोण?' या प्रश्नाला बारा मिनिटांत वीस उत्तरं लिहायची. पुढे ती अनेक देशांत वापरली गेली आणि निष्कर्ष ठोकून दिला: अमेरिकन माणूस स्वभावगुण सांगतो, जपानी माणूस नाती आणि भूमिका सांगतो. कझिन्स यांनी 1989मध्ये प्रश्नालाच संदर्भ जोडला: घरी तुम्ही कसे, शाळेत कसे. चित्र उलटलं! आता जपानी विद्यार्थी जास्त स्वभावगुण लिहू लागले. म्हणजे कोरा प्रश्न हाच एका संस्कृतीला सोयीचा होता.

करून बघण्यासारखं आहे. एकदा वीस कोऱ्या ओळी भरा. आठवड्याने घर, काम, मित्र, अनोळखी माणसं अशा चार मथळ्यांखाली पाच-पाच ओळी लिहा. आठ-दहा उत्तरांनंतर हात अडतो, तिथे सोडू नका. ठरीव उत्तरं संपलेली असतात. पहिली यादी शेजारी ठेवून दुसरी लिहू नका, नाहीतर हात नक्कल करतो.

तळटीप:
मला मानवशास्त्राच्या बाजूचाच एक गोंधळ दाखवायचा आहे. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्त्झ यांनी जावा, बाली आणि मोरोक्को इथल्या 'व्यक्ती'च्या कल्पना शब्द, प्रतिमा, वागणूक यांतून उलगडल्या. काम अप्रतिम आहे. पण दुसरे मानवशास्त्रज्ञ मेल्फर्ड स्पायरो यांनी 1993मध्ये नेमका आक्षेप घेतला: समाज व्यक्तीबद्दल काय मानतो आणि त्यातला माणूस स्वतःला कसा अनुभवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या पुराव्यावरून दुसरी सिद्ध होत नाही. 'आमच्याकडे मी नसतो, आम्ही असतो' अशी वाक्यं म्हणूनच मला पटत नाहीत. 2002मध्ये ऑयसरमन आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अमेरिकन लोक जपानी लोकांपेक्षा कमी समूहनिष्ठ निघाले नाहीत.

धुळाक्षर:
तळटीप, स्पायरोंचा आक्षेप मान्य, पण तो संपूर्ण समाजाबद्दलच्या विधानांना लागतो. मी एका माणसाची वही म्हणतोय. आणि संस्कृतीचा परिणाम वरवरचा नाही. जोन मिलर यांच्या 1984च्या अभ्यासात शिकागो आणि म्हैसूर इथली लहान मुलं इतरांच्या वागण्याची कारणं बरीचशी सारखी देत होती. वय वाढलं तसं शिकागोत स्वभावाकडे बोट दाखवणं वाढलं, म्हैसुरात परिस्थितीकडे. म्हणजे 'माझा स्वभावच असा' हे स्पष्टीकरणसुद्धा शिकलेलं असतं. ते प्रश्नावलीत कसं पकडणार?

कसोटी:
मिलर यांनीही मोजूनच दाखवलं ना! मोजमाप नसतं तर वयाचा मुद्दा कळलाच नसता. आणि सभेत शांत बसलेल्या माणसाच्या छातीत धडधडत असेल, तर तुमच्या वहीत फक्त 'काही बोललो नाही' एवढंच येणार.

अंतरपाट:
मग वहीत शरीराचा रकाना घाला: घसा कोरडा, हात गार, धडधड, आणि त्याआधी कोण काय म्हणालं. धडधड पाचपैकी चार वेळा एकाच माणसाच्या बोलण्यानंतर येत असेल, तर 'मी चिंताळू आहे' या प्रश्नाला 7पैकी 6 गुण देऊन ती माहिती तुम्ही पुसून टाकता.

कसोटी:
आणि धडधड सगळ्यांसमोर येत असेल तर? तेही वहीतूनच मोजावं लागेल. त्याला पंधरा दिवस पुरणार नाहीत. निदान सहा आठवडे, आणि प्रसंग तुम्ही निवडायचे नाहीत, वेळ आधी चिठ्ठी काढून ठरवायची.