बाबा आणि काका जुळे, पण शुगर बाबांनाच २० वर्षं आधी. मग जीन्सनी (जनुकांनी) केलं काय?

रंकाळ्याकाठचा
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या. माझे बाबा आणि काका जुळे आहेत, अगदी एकसारखे, लहानपणी शेजारच्यांना ओळखू यायचे नाहीत म्हणे. बाबा ४४ व्या वर्षापासून शुगरच्या गोळ्यांवर, आता इन्सुलिन. काकांना पार ६३ पर्यंत काही नव्हतं, आत्ता कुठं बॉर्डरला आलंय. बाबांचा जन्म महाद्वार रोडला दुकानाच्या गादीवर बसून गेला आणि काका राधानगरीकडं गावातच राहिले, शेती, चार म्हशी, दिवसभर पायावर. आज दोघांना शेजारी बसवलं तर काका दहा वर्षांनी लहान वाटतात.

मी ३९ चा. मागच्या महिन्यात उपाशीपोटी शुगर ११२ आली, डॉक्टर म्हणाले आनुवंशिक आहे, होणारच. ते "होणारच" डोक्यातनं जाईना झालंय. मोबाईलवर सारखी डीएनए टेस्टची जाहिरात येते, थुंकी पाठवायची आणि पुढं काय काय रोग होणार ते कळतं म्हणे. करावी का? आणि दोघांचे जीन्स सेम टू सेम असताना एवढा फरक कसा पडला? बायकोला पाचवा महिना आहे, त्यामुळं हे जास्तच डोक्यात बसलंय.

मळीचं_रान_शिरोळ
दादा मी काय डॉक्टर न्हाय, ऊसवाला हाय, पण तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच रान डोळ्यापुढं आलं. उसाला आमी बी टाकत न्हाय, कांडी लावतो, म्हंजे सगळा प्लॉट एकाच उसाची नक्कल, तुमच्या बाबा-काकांगत जुळा. ८६०३२ ह्या उसाच्या जातीचं एकाच प्लॉटमधलं बेणं मी नदीकडच्या मळीत लावलं आणि खालच्या खारवट चोपण रानात बी लावलं. मळीत एकरी ६० टन पडला, चोपणात २५ बी न्हाय. जात तीच, कांडी तीच. आता ह्यात बेण्याला दोष देणार का?

आणि अजून एक. बेणं घेताना आमी खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला) घेत न्हाय, नऊ-दहा महिन्याचा, खतपाणी नीट मिळालेला बेणेमळाच बगतो, कारण कांडीनं आईच्या रानात काय खाल्लं त्यावर पुढची उगवण ठरती. वहिनींच्या खाण्याकडं लक्ष द्या.

बायो_मॅडम
शिरोळच्या काकांचं उदाहरण उद्या वर्गात सांगणार आहे, चालेल ना काका?

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. "सगळं जीन्समध्ये लिहिलेलं असतं" हे वाक्य मुलं घरूनच घेऊन येतात. माणसाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायचं काम २००३ ला जवळपास पूर्ण झालं. त्याआधी बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की आपल्यात लाखभर तरी जीन्स असतील, प्रत्यक्षात प्रोटीन बनवणारी निघाली साधारण २०,०००. भाताच्या रोपात त्याहून जास्त आहेत. म्हणजे नुसत्या संख्येवर माणूस उभा राहत नाही, कोणतं जीन कधी, कुठं, किती वाचलं जातं त्यावर राहतो. तुमच्या लिव्हरच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच आहे, तरी कामात किती अंतर. जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक काढून अंड्यात घातलं आणि त्यातून धडधाकट पिल्लू तयार झालं, १९६२ चं काम हे. सगळी माहिती आतड्यातही होती, फक्त तिथं ती मिटून ठेवलेली होती. डीएनएवर छोट्या रासायनिक खुणा बसतात आणि कुठलं पान उघडायचं कुठलं मिटायचं हे त्यावरही ठरतं. आणि ह्या खुणा आहार, हार्मोन, ताण, सिगारेट ह्यांनी बदलू शकतात.

टाइप २ डायबेटिसशी संबंध असलेल्या शेकडो जागा डीएनएवर सापडल्यात पण त्यातली बहुतेक एकेक जागा थोडासाच धक्का देते. थुंकीच्या टेस्टनं जास्तीत जास्त "तुम्हाला धोका आहे" एवढंच कळेल, ते ११२ ह्या आकड्यानं आधीच सांगितलंय. ते पैसे ठेवा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.

सिस्टर_ताई
मॅडम, सगळं पटलं, पण हे वाचून कुणी जीन्स म्हणजे काहीच नाही असं समजू नये म्हणून लिहितेय. माझ्या आईला आणि मावशीला दोघींना कमी वयात ब्रेस्ट कॅन्सर झाला, तपासणीत बीआरसीए१ ह्या जीनमधला दोष निघाला. बहिणीनं वेळेत टेस्ट केली, आता तिच्या नियमित तपासण्या चालू आहेत. तिथं जीन खरोखर मोठं असतं. थॅलेसेमिया ह्या रक्ताच्या आजाराचंही तसंच, आईबाप दोघं कॅरिअर (स्वतःला आजार नाही पण दोष अंगात) असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के, तिथं चालणं-फिरणं, खाणं काही कामाचं नाही. दादा, वहिनींची ती टेस्ट झाली नसेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा.

पुण्यातला_कोल्हापूरकर
सिस्टर ताईंना अनुमोदन. मी ह्याच विषयात पीएचडी करतोय म्हणून थोडी भर. आपल्या शुगरच्या गोष्टीत पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं काम फार मोलाचं आहे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपली बाळं हाडामासानं बारीक असूनही चरबीत तेवढी कमी नव्हती, दिसायला किडकिडीत आणि आत चरबी. शुगरची तयारी पोटातच सुरू होते ती अशी. आईचं बी१२ कमी आणि फोलेट (दोन्ही व्हिटॅमिनंच) जास्त असेल तर मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही असंही त्यांना दिसलं. वहिनींचं बी१२ तपासायला सांगा.

काका तरुण का दिसतात ते बघा. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या अभ्यासात आयुष्य किती लांबतं त्यातल्या फरकाचा साधारण पावच वाटा आनुवंशिक निघाला. स्टीव्ह होर्वाथ ह्या शास्त्रज्ञानं २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांच्या खुणा मोजून पेशींचं वय काढलं. आणि जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ ला उंदराच्या प्रौढ पेशीत चार जीन्स घालून ती परत कोवळ्या अवस्थेत नेली. म्हणजे वय हे नुसतं झिजणं नाही, पेशीची आठवणही आहे. मला स्वतःला हे वाचलं तेव्हा दोन दिवस झोप नव्हती. पण "तुमचं खरं वय सांगतो" म्हणून किट विकतात त्याच्या नादी लागू नका, एका माणसापुरता तो आकडा फार हलतो.

आता एक विचारू? डेन्मार्कमध्येच एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला डायबेटिस आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या बघितल्या, तर ज्याला झाला त्याचं जन्माचं वजन सरासरीनं कमी होतं. तुमच्या बाबा-काकांत जन्मताना लहान कोण होतं?

रंकाळ्याकाठचा
सगळ्यांचे खूप आभार. सिस्टर ताई, थॅलेसेमियाची टेस्ट झालेली आहे, नॉर्मल. बी१२ ला सोमवारी जातोय.

भावा, तुझा प्रश्न वाचून मोठ्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली बाबा एवढासा होता, सुईणीनं कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलेला, काका मात्र दणदणीत. आणि मग आजीनं बाबांनाच सगळं चारलं, हा अशक्त म्हणून तूप-गूळ-साय सगळं ह्याला, सहा-सात वर्षांचा झाला तोवर काकांपेक्षा जाड. त्याचा पण काही संबंध असतो का?

पुण्यातला_कोल्हापूरकर
असू शकतो. दिल्लीत जन्मलेल्या मुलांना मोठं होईपर्यंत तपासलं होतं, २००४ ला छापून आलं. जी मुलं तान्हेपणी बारीक होती आणि मग २ ते १२ वर्षांत इतरांच्या मानानं वजन वाढवत गेली, त्यांच्यात तिशीपर्यंत शुगरचा त्रास जास्त दिसला. पण एका घरावरून छातीठोक सांगता येत नाही, बाबांची दुकानाची गादी पण आहेच की मधे. आणि आजीनं जे केलं ते लेकरू जगावं म्हणून केलं, तिला कोण सांगणार होतं तेव्हा.

रंकाळ्याकाठचा
बाबांना वाचून दाखवलं हे. गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले, "मला वाटत होतं मी गोड खाल्लं म्हणून झालं."