नको असलेली गाडी दान करताना: अमेरिकेतील मराठी माणसांचे अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमची सोळा वर्षे वापरलेली गाडी एका संस्थेला दान केली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशी एखादी गाडी उभी असते, जी विकायला काढावी तर कोणी धड किंमत देत नाही, भंगारात घालायला मन होत नाही, आणि तशीच ठेवावी तर विमा व रजिस्ट्रेशन भरणे काही सुटत नाही. ज्यांनी अशी गाडी दान केली, करायला निघाले आणि मध्येच बेत सोडला, किंवा ज्यांना संस्थेनेच नकार दिला, त्या सर्वांनी येथे आपला अनुभव लिहावा, ही विनंती. संस्थेविषयी तक्रार असल्यास नाव न घेता काय घडले एवढेच सांगावे. सुरुवात मी करते.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि मेकॅनिकने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीहून मोठा होता. मी वर्षानुवर्षे सार्वजनिक रेडिओ ऐकते आणि त्यांची गाड्या स्वीकारण्याची योजना मला ठाऊक होती, म्हणून तेथेच फोन केला. गाड्या उचलण्याचे आणि लिलावात विकण्याचे काम रेडिओ केंद्र स्वतः करत नाही. त्यासाठी वेगळी कंपनी असते, ती आपला खर्च कापून उरलेली रक्कम केंद्राला देते. फोनवरच्या बाईंनी गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक विचारला, किती मैल झाले ते विचारले, किल्ली आहे का विचारले, आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जागेवर आहे का, असे विचारले. हा शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. त्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, चोर तो गाडीखाली शिरून कापून नेतात, आणि तो नसला की जुन्या गाडीची उरलीसुरली किंमतही घसरते, हे नंतर कळले.

खरी अडचण आली ती टायटलची, म्हणजे मालकीच्या कागदाची. त्यावर आम्हा दोघांची नावे होती आणि मध्ये ‘अँड’ होते. ‘ऑर’ असते तर एकाच्या सहीने काम भागले असते. ‘अँड’ असल्यामुळे दोघांच्या सह्या लागणार होत्या, आणि नवरा त्या वेळी सासूबाईंच्या आजारपणासाठी पुण्यात होता. गाडी आणखी सहा आठवडे दारातच राहिली. सोळा वर्षांपूर्वी डीलरच्या टेबलावर तो एक शब्द कोणी निवडला, हे आम्हा दोघांनाही आठवत नाही.

टो ट्रक गाडी घेऊन गेला त्याच संध्याकाळी मी मालकी सोडल्याची सूचना डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे ऑनलाइन भरली. कॅलिफोर्नियात त्यासाठी ५ दिवसांची मुदत आहे. ही सूचना दिली नाही, तर गाडीला पुढे मिळालेले पार्किंगचे दंड आपल्याच पत्त्यावर येऊ शकतात. लिलावात गाडीचे ४१५ डॉलर आले. आता करातल्या सवलतीविषयी जाणकारांनी लिहावे, कारण आमच्या पदरात त्यातले काहीच पडले नाही आणि ते का, हे मला अजून नीटसे समजलेले नाही.

* * *

मी बरीच वर्षे लोकांची कर विवरणपत्रे भरतो, म्हणून वरच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि मग माझा अनुभव सांगतो. तुमच्या पदरात काही पडले नाही, याचे कारण बहुधा साधेच असावे. गाडीच्या दानाची वजावट फक्त त्यांनाच मिळते, जे प्रमाणित वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) न घेता आपले खर्च विवरणपत्राच्या ‘शेड्यूल ए’ या जोडपत्रात एकेक करून दाखवतात. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यासाठी प्रमाणित वजावट २०१७ मध्ये १२,७०० डॉलर होती, ती २०१८ मध्ये एकदम २४,००० झाली, आणि त्यानंतर बहुतेक घरांना खर्च मोजत बसण्यात अर्थच उरला नाही. तुम्ही खर्च मोजले असते, तर मात्र गाडी ४१५ ला जाऊनही ५०० डॉलरपर्यंत वजावट मिळाली असती, कारण विक्री ५०० किंवा त्याहून कमी रकमेला झाली, तर ५०० आणि बाजारभाव यांतला जो आकडा लहान असेल, तो घेता येतो.

विक्री ५०० च्या वर गेली, तर जेवढे पैसे आले तेवढीच वजावट. हा नियम २००५ पासूनचा आहे. त्यापूर्वी लोक किंमत-पुस्तिकेत पाहून चांगल्या स्थितीतल्या गाडीचा भाव लिहून मोकळे होत, आणि गाडी मात्र लिलावात मातीमोल जाई. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ च्या अहवालात ५४ गाड्यांचा माग काढला, तेव्हा त्यांतल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, देणाऱ्याने विवरणपत्रात जी किंमत लावली होती, तिच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. म्हणजे १०० डॉलरची सवलत मागायची आणि संस्थेला मिळायचे ५. त्यानंतर कायदा बदलला, यात नवल नाही. संस्था गाडी विकण्याऐवजी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरणार असेल, तिची मोठी दुरुस्ती करणार असेल, किंवा गरजू माणसाला फुकट अथवा अगदी कमी किमतीत देणार असेल, तर बाजारभावाएवढी वजावट आजही मिळते. मात्र संस्थेने फॉर्म १०९८-सीवर, म्हणजे गाडीच्या दानाच्या अधिकृत पावतीवर, तसे लिहून द्यावे लागते.

आता माझा अनुभव, जो सांगताना थोडी लाज वाटते. माझी स्वतःची गाडी १,९०० डॉलरला विकली गेली. १०९८-सी विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा, तसा तो वेळेवर आला, मी तो टेबलाच्या खणात नीट ठेवला, आणि दुसऱ्यांना वर्षभर बजावत आलेली गोष्ट विसरून विवरणपत्र त्याच्याशिवाय पाठवले. सुधारित विवरणपत्र भरताना बायको शेजारी बसून शांतपणे चहा पीत होती.

* * *

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. टो ट्रक वळणावर दिसेनासा होताच मी विमा कंपनीला फोन करून विमा बंद केला, आणि नंबर प्लेटा काढून गॅरेजमध्ये आठवण म्हणून भिंतीला टेकवून ठेवल्या. येथे आधी प्लेटा डीएमव्हीला परत करायच्या आणि मगच विमा बंद करायचा, हा क्रम मला माहीत नव्हता. गाडी दान झालेली असली, तरी प्लेटा माझ्याकडे आहेत तोवर रजिस्ट्रेशन जिवंत मानले जाते. अकरा दिवसांनी जाग आली. पहिल्या ३० दिवसांसाठी दिवसाला ८ डॉलर, या हिशेबाने ८८ डॉलर भरले.

* * *

पहिल्या अनुभवातल्या ताईंना एक पुरवणी: टायटलवर सही करण्यापूर्वी ते दोनदा वाचावे. मी घाईत विकत घेणाऱ्याच्या ओळीत स्वतःचे नाव लिहिले आणि त्यावर व्हाइटनर लावला. चालकाने कागद उजेडात धरून पाहिला, परत दिला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. खाडाखोड केलेले टायटल बाद होते. नवी प्रत मिळेपर्यंत महिना गेला.

* * *

ही गाडी माझ्या सासऱ्यांची होती. ते गेल्यावर सहा-सात महिने ती झाकून ठेवलेली होती आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नसे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, की कोणाच्या तरी उपयोगी पडू दे. गरजू कुटुंबांना कामावर जाण्यायेण्यासाठी गाड्या देणारी एक संस्था जवळच होती. त्यांची अट अशी, की गाडी दुरुस्त होऊन आणखी काही वर्षे चालण्याजोगी असली पाहिजे. बाकीच्या गाड्या ते लिलावात पाठवतात. ही चालण्याजोगी होती, कारण पप्पा तिची काळजी माणसासारखी घेत.

टायटल एकट्या पप्पांच्या नावावर असल्यामुळे आमच्यापैकी कोणाचीही सही चालणार नव्हती. मृत्यूचा दाखला आणि मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार देणारे न्यायालयाचे पत्र, ही दोन्ही कागदपत्रे जोडून माझ्या नवऱ्याने सही केली. गाडीवर कर्ज फार पूर्वी फिटलेले होते, पण टायटलवर बँकेचा बोजा तसाच नोंदलेला होता, आणि तो उतरवल्याचे पत्र मिळवायला जवळजवळ सर्वांत जास्त दिवस लागले, कारण ती बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झालेली होती. ज्यांचे कर्ज फिटले आहे, त्यांनी ते पत्र आजच मागवून ठेवावे, एवढे मी कळकळीने सांगेन.

गाडी रिकामी करताना डॅशबोर्डवरचा छोटा गणपती सोडवला, तेव्हा खाली डिंकाचा चौकोनी डाग राहिला; तो मी पुसला नाही. ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही सापडली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, गॅलन आणि मैलांचा आकडा पप्पांनी मराठी अंकांत लिहून ठेवला होता, एकही खाडाखोड नाही. बॅटरी उतरल्यामुळे गाडीतला आकडा दिसत नव्हता, आणि न्यायला आलेल्या माणसाला नोंदीसाठी तो हवा होता. सासूबाईंनी वहीचे शेवटचे पान उघडून वाचून दाखवला: एक लाख अठरा हजार दोनशे सहा. पुढे बॅटरी जोडून पाहिल्यावर वहीतल्या आणि गाडीतल्या आकड्यात एकवीस मैलांचा फरक निघाला. तो त्यांचा इस्पितळापर्यंतचा शेवटचा प्रवास होता.

* * *

माझा अनुभव चांगला नाही. टीव्हीवर लागणारी जाहिरात पाहून फोन केला. गाडी दुसऱ्याच दिवशी नेली, सगळे गोड बोलले. पावतीवर मात्र भलत्याच संस्थेचे नाव होते आणि ती संस्था माझ्या राज्यात काहीच काम करत नव्हती. त्यात बेकायदा काही नसेलही, परंतु ज्यांच्यासाठी मी गाडी दिली, त्यांना त्यातून काय मिळाले, हे तीन पत्रे लिहूनही मला कळले नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो; ते दोन मिनिटांचे काम मी आधी करायला हवे होते, आणि फोनवरच ‘विक्रीच्या पैशांतले संस्थेला नक्की किती टक्के जातात’ असे विचारायला हवे होते. या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्याला गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

* * *

टोलचा टॅग काचेवरून काढायला विसरू नका. आमची गाडी टो ट्रकवर बसून तीन टोलनाक्यांतून गेली आणि तिन्ही वेळा पैसे आमच्या खात्यातून वजा झाले. गॅरेज उघडण्याचा रिमोटही सन-व्हायझरला तसाच राहिला होता, आणि गाडीच्या नकाशात ‘घर’ म्हणून आमचा पत्ता साठवलेला होता. रात्री अकरा वाजता हे आठवल्यावर मी गॅरेजच्या मोटरचा कोड बदलत शिडीवर उभी होते.

* * *

आमची गाडी कोणत्याच संस्थेने घेतली नाही. मागून ठोकलेली, पूर आला तेव्हा चाकांच्या वरपर्यंत पाण्यात उभी राहिलेली, सुरूच होत नसलेली. भंगारवाल्याला देणारच होतो, तेवढ्यात आमच्या गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या एका जवानाने विचारले, की सरावासाठी देता का. त्यांना कापायला गाड्या हव्या असतात. मुलगी याच गाडीत गाडी चालवायला शिकली होती, म्हणून तिला विचारले. ती म्हणाली, बाबा, मी पाहायला येणार.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे गेलो. पेट्रोल आणि तेल आधीच काढलेले होते, बॅटरी सोडवलेली होती. प्रशिक्षकाने नव्या मुलांना न फुटलेल्या एअरबॅगा छप्पर पेलणाऱ्या खांबांत कोठे दडलेल्या असतात ते दाखवले, आणि चुकीच्या जागी कापले तर काय होईल हेही सांगितले. समोरची काच दोन थरांची असल्यामुळे ती करवतीने कापावी लागली. हायड्रॉलिक जबड्यांनी चालकाच्या बाजूचे दार बिजागरीतून उचकटले, एकेक खांब तुटत गेला, आणि वीसेक मिनिटांत सहा जणांनी छप्पर झाकणासारखे उचलून गवतावर ठेवले. आत ड्रायव्हरच्या जागी भुसा भरलेला पुतळा बसवला होता आणि एक मुलगी मागून त्याची मान धरून त्याच्याशी सतत बोलत होती.

मागची काच त्यांनी शेवटी फोडली. तिचे एका क्षणात खडीसाखरेएवढे दाणे झाले आणि खाली सांडले, फक्त मुलीच्या कॉलेजचे स्टिकर जेथे होते, तेवढा तळहाताएवढा तुकडा त्याला चिकटून अखंड राहिला. एका जवानाने तो हातमोज्यात उचलला आणि तिला हवा आहे का, असे विचारले. मी वजावट मागितली नाही. तो तुकडा सध्या तिच्या खोलीत खिडकीत आहे, आणि अधूनमधून त्याचा एखादा दाणा जमिनीवर सापडतो.