पेनांगला श्रावणात जातोय, जॉर्जटाउनमधल्या खाण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी मलेशियातल्या पेनांगला जातोय, पाच दिवस, सगळे तिथल्या जॉर्जटाउन शहरातच. मी आधी एकदा तिथे एकच दिवस होते आणि तेव्हापासून ते गाव डोक्यातून जातच नाहीये, एका रस्त्यावर कपितान केलिंग मशीद, थोडं पुढे चिनी लोकांचं दयेच्या देवीचं देऊळ, तिथून दोन मिनिटांवर लिटल इंडियातलं महामरिअम्मनचं मंदिर. तिथल्या एका गल्लीत उभ्यानेच चेंडोल नावाचं थंडगार गोड खाल्लं होतं, हिरव्या मऊ शेवया, नारळाचं दूध, बर्फाचा चुरा आणि वाटीच्या तळाशी बसलेला काळसर गूळ, अगदी आपल्या काकवीसारखा!

आता अडचण अशी की आमच्यातली एक पूर्ण शाकाहारी आहे आणि चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. तिकडे बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट कशातही असते, साध्या परतलेल्या पालेभाजीतसुद्धा, आसाम लाक्सा (आंबट नूडल सूप) तर माशाच्याच रश्शाचा, आणि ‘चार क्वे टिओ’ म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. चिनी बौद्ध शाकाहारी जेवणात कांदा-लसूण नसतो हे माहितीये, पण तशी जागा नेमकी कुठल्या भागात शोधायची? कोणी राहिलंय का तिकडे? रात्रीच्या हॉकर सेंटरवर (खाण्याच्या गाड्या एकत्र असतात तिथे) चौघी एकाच टेबलावर बसून जेवू शकू असं ठिकाण प्लीज सांगा, तिला खोलीवर थेपले खात बसवून आम्ही बाहेर जेवायचं हे मला अजिबात नकोय.