फायर हायड्रंट लाइनला दोन-दोनदा मंजुरी कशाला?

लेथवाला
आमचं फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंगचं युनिट आहे. गेल्या वर्षी तिसरी शेड काढली, तेव्हा हायड्रंटची (आग विझवायला होज जोडायचे पाण्याचे नळ) लाइन मागच्या अंगाला वाढवावी लागली. १४० मीटर पाइप आणि चार नवे पॉइंट. जागा नसल्याने रिंग होत नाही, म्हणजे लाइन फिरून स्वतःला मिळत नाही, टोक बंदच आहे. काम बारा दिवसांचं होतं, कागदाला पाच महिने लागले.

आधी अग्निशमन विभागाची नकाशावर तात्पुरती ना-हरकत. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये मार्जिन (शेडभोवतीची मोकळी जागा) एक, फायरचं काम करणाऱ्या एजन्सीच्या ड्रॉइंगमध्ये दुसरं, म्हणून फाइल परत. ते निस्तरून काम केलं, एजन्सीने फॉर्म ए (यंत्रणा बसवल्याचा दाखला) दिला, मग अंतिम ना-हरकतीसाठी तपासणी. अग्निशमनचे साहेब आले आणि म्हणाले, पाइपावर रॅपिंग-कोटिंग (गंज न लागण्यासाठीचं वेष्टण) केलंय का ते बघायचंय, दोन ठिकाणी खणा. नुकते बसवलेले पेव्हर उखडले, पुन्हा बसवले.

माझं म्हणणं साधं आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगसुरक्षा कायद्याखाली सरकारच एजन्सीला परवाना देतं. मग त्या एजन्सीची सही पुरेशी का नाही? तिच्या दाखल्यावर मंजुरी द्या, नंतर अधूनमधून अचानक तपासा, खोटं निघालं तर तिचा परवाना काढा.

आणखी एक. गेटसमोरून ३०० मिमीची पाण्याची मेन लाइन जाते. तिच्यावरूनच हायड्रंट का घेऊ देत नाहीत? टाकी, इलेक्ट्रिक पंप, डिझेल पंप, लाइनचा दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप, एवढा संसार कशासाठी?

पाना_पक्कड
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हेच काम करतो. मेनला गेटपाशी दाब मिळतो दीड किलो (चौरस सेंटिमीटरला), तोही नशीब असेल तर. आठवड्यातून एक दिवस शटडाउन. आग काही वार बघून लागत नाही. पंपाचा सक्शन (पाणी ओढणारा पाइप) थेट मेनला लावलात तर शेजारच्यांचे नळ कोरडे पडतील. शिवाय तुमच्या लाइनमध्ये वर्षभर साठलेलं गंजाचं पाणी उलटं मेनमध्ये गेलं, तर तेच तुमच्या कॅन्टीनच्या पिंपात येणार.

हिशेब करून बघा. तुमचा मेन पंप बहुतेक २२८० एलपीएमचा (मिनिटाला लिटर) असेल, म्हणजे तासाला १,३६,८०० लिटर. बंबात पाच हजार लिटर पाणी धरलं तर या गतीने तो सव्वादोन मिनिटांत रिकामा. टाकी म्हणून लागते.

दूरदेशी
न्यू जर्सीत आहे, प्लंबिंग आणि फायर लाइनच्याच धंद्यात. इकडे खाजगी हायड्रंट लाइन सर्रास शहराच्या मेनवरून घेतात. पण आधी रस्त्यावरच्या हायड्रंटवर फ्लो टेस्ट होते आणि जोडणीवर पाणी उलटं जाऊ न देणारं बॅकफ्लोचं उपकरण बसतं. चोवीस तास भरलेल्या मेनची चैन आहे म्हणून हे जमतं.

खणून दाखवण्याबद्दल मात्र मी साहेबांच्या बाजूने. एनएफपीए २४ (खाजगी फायर लाइनचं अमेरिकी मानक) प्रमाणे २०० पीएसआयवर, म्हणजे साधारण चौदा किलोवर, दोन तास चाचणी होते, आणि पाइप दिसतोय तोवर इन्स्पेक्टरला बोलावतात. तो बघून गेल्याशिवाय चर बुजवायची नाही. बुजवलीत तर तुमच्या खर्चाने उकरा.

लेथवाला
@दूरदेशी, तेच तर! चर उघडी असताना मी पत्र दिलं होतं. नऊ दिवस कोणी फिरकलं नाही. फोर्कलिफ्टचा रस्ता बंद, त्यात पाऊस, एक पोरगा चरीत पाय घसरून पडला. दहाव्या दिवशी बुजवली. नियम पाळायला मी तयार आहे हो, पण समोरच्यानेही यायला नको?

बंबावरचा (निवृत्त)
लेथवाले, नऊ दिवस कोणी आलं नाही ही लाजेची गोष्ट आहे. एवढं मान्य करून पुढचं लिहितो.

एजन्सीची सही पुरेशी का नाही? तिचं बिल तुम्ही देता म्हणून. ज्याच्या चेकवर तुमची सही, तो तुमच्याविरुद्ध सही करेल का? फॉर्म बी बघा. यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. कितीतरी ठिकाणी तो एजन्सीच्या ऑफिसात बसूनच तयार होतो. नोकरीत असताना एका गोदामात सहा हायड्रंट बघितले, लाल रंग चकचकीत. एक उघडला तर वाराही आला नाही. खणल्यावर कळलं, दोन पॉइंटच्या खाली पाइपच नव्हता. काँक्रीटमध्ये नुसते उभे केलेले! दुसऱ्या एका ठिकाणी होज बॉक्समधल्या गनमेटलच्या ब्रांच पाइप (होजच्या टोकाला लावायच्या नळ्या) चोरीला जातात म्हणून सगळ्या स्टोअरमध्ये कुलपात, आणि स्टोअरकीपर रजेवर. पंप ऑटोऐवजी मॅन्युअलवर ठेवणारे तर पैशाला पासरी, का तर लाइन गळते आणि जॉकी सारखा चालू होऊन वीजबिल वाढतं. गळती शोधायचा कंटाळा.

हे सगळे दाखलेवाले होते. कागदात कुठेच खोट नव्हती.

गाळा_नं_१७
वरचे सगळे मोठ्या प्लॉटवाले दिसताहेत. आमच्यासारख्या पाचशे चौरस मीटरवाल्यांनी काय करायचं? टाकी आणि पंपघर बांधलं तर मशीन डोक्यावर ठेवू का? ओळीतल्या दहा-बारा गाळ्यांना मिळून वसाहतीनेच एक टाकी, एक पंपघर, एक लाइन द्यावी आणि वर्षाला पैसे घ्यावेत. सांडपाण्याचं सामाईक केंद्र चालतं, मग हे का नाही?

आणि हायड्रंटचं फार कौतुक नको. ३१ डिसेंबर २०२३ ला वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात ६ कामगार गेले. मध्यरात्रीनंतर, आत झोपलेले असताना. तिथे माणसांना दुसरा दरवाजा हवा होता. आपल्याकडे मंजुरीची सगळी ताकद पाइपाच्या इंचावर खर्च होते, रात्री आत कोण झोपतं हे कोणी विचारत नाही.

बंबावरचा (निवृत्त)
@गाळा_नं_१७, दरवाजाचं शंभर टक्के बरोबर. पण आग पसरल्यावर बाहेरून पाणी लागतंच. सामाईक टाकीला माझा विरोध नाही, फक्त ती राखणार कोण हे आधी ठरवा. सामाईक जिन्यातला बल्ब कोण बदलतं, ते आपल्याला माहीत आहे.

पाना_पक्कड
इथे खोटं बोलून काय मिळणार, आम्हीही न बघता फॉर्म बीवर सह्या केल्यात. पार्टी म्हणते, गेल्या वेळी सगळं ठीक होतं ना, मग करा की. नाही म्हटलं तर पुढचं कंत्राट शेजारच्याला.

टाकीची एक गोष्ट सांगतो, ही ड्रॉइंगवर बघून घ्या. प्रोसेसचं आणि फायरचं पाणी एकाच टाकीत असेल तर प्रोसेसच्या पंपाचा सक्शन वरच्या पातळीवर ठेवायचा. म्हणजे खालचा साठा कोणी मागितला तरी मिळत नाही. प्रोसेसच्या सक्शनच्या टोकाचे फूटव्हॉल्व्ह तळापर्यंत सोडलेले मी पाहिलेत. उन्हाळ्यात फायरची टाकी तळाला, कागदावर भरलेली.

लेथवाला
बरं, थोडा मागे येतो. तपासणी असू दे, पण मुदत घाला. चर उघडी असल्याची सूचना दिल्यापासून ७२ तासांत कोणी आलं नाही, तर दाब दाखवणाऱ्या गेजचा फोटो आणि व्हिडिओ अपलोड करायचा आणि मंजूर समजायचं.

बंबावरचा (निवृत्त)
चरीपुरतं चालेल. कोटिंग, खोली, वेल्डिंग फोटोत दिसतं. गेजच्या फोटोवर अंतिम मंजुरी मात्र नको. पाणी थांबलेलं असताना गेज सगळ्या लाइनमध्ये दाब सारखाच दाखवतो. मध्ये व्हॉल्व्ह अर्धा बंद असला तरी गेज सातच सांगणार. पाणी सोडलं की खरं कळतं.

तुमची अंतिम ना-हरकत आली ना? चाचणी कुठल्या पॉइंटवर झाली? नसेल आठवत तर उद्या सर्वांत लांबचा उघडा, होज लावून, मेन पंप चालू ठेवून. साडेतीन किलो तरी मिळायला हवेत.

दूरदेशी
+१. आणि वर्षातून एकदा उघडाच. नाहीतर व्हॉल्व्ह जाम होतात.

लेथवाला
चाचणी पंपघराशेजारच्या पॉइंटवर झाली होती. साहेब घाईत होते, आम्हालाही ते बरंच होतं.

आज शेवटचा उघडला. बंद असताना गेजवर सात. पाणी सोडल्यावर दीड. धार पत्र्याच्या शेडपर्यंतही पोचेना. लाइन चालत आलो तर लाइन बंद-चालू करणारा मधला स्लुइस व्हॉल्व्ह सापडेचना. मग फोरमनला आठवलं. कोटिंग दाखवायला खणलं, त्या दिवशी तो फिरवला होता, आणि पेव्हर परत बसवताना चेंबरसकट झाकला गेला. एजन्सीची सही त्याच आठवड्यातली, साहेबांची त्यानंतरची. आणि मी रोज त्यावरून चालतोय.

पेव्हर उद्या उचलतो. पाना_पक्कड, चेंबर केवढा ठेवू?

पाना_पक्कड
तीन बाय तीन फूट ठेवा, आत बसून पाना फिरला पाहिजे. झाकण कास्ट आयर्नचं आणि फोर्कलिफ्टचं वजन घेणारं घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर साखळी आणि कुलूप लावा, किल्ली पंपघरात. आणि त्यावर पॅलेट ठेवू देऊ नका, शिपमेंटच्या आठवड्यात तर मुळीच नाही.