नववीच्या मुलांना पृष्ठफळ कसं शिकवू? सूत्रं पाठ आहेत, गणित सुटत नाही

रामबागची_ताई
नमस्कार मंडळी, मी इंदूरला घरीच नववी-दहावीच्या ट्यूशन घेते, मुलं बहुतेक एमपी बोर्डाची हिंदी मीडियमची, थोडी आपली मराठी घरातली. पृष्ठफळाचा चॅप्टर आला की दरवर्षी तेच रडगाणं. 2πrh, πrl, 4πr² सगळं धडाधडा म्हणून दाखवतात पण गणित शब्दांत आलं की एकमेकांच्या वह्यांत बघायला लागतात. काल दिलं होतं, वरून उघडा गोल पत्र्याचा डबा, त्रिज्या 7 सेमी, उंची 10 सेमी, पत्रा किती लागेल. कोणी 748 आणलं, कोणी 440, आणि 594 फक्त एका मुलीचं, तीही म्हणे ताई मी अंदाजाने केलं 😅 शंकूत तर तिरकी उंची l च्या जागी सरळ उंची h सर्रास टाकतात. काही करून दाखवता येईल असं सुचवा ना, पीपीटी वगैरे नको, माझ्याकडे प्रोजेक्टर नाही.

जुना_मास्तर
ताई, पहिले काही दिवस सूत्र लिहायला बंदी घाला. वस्तू हातात द्या आणि एवढंच विचारा की पत्रा कुठे कुठे आहे, हात फिरवून दाखव. डब्याच्या बाजूला आहे, बुडाला आहे, वर नाही. मग बाजूचा कागद उलगडला की आयत, त्याची लांबी म्हणजे डब्याचा घेर 44, उंची 10, झाले 440. बुडाचं वर्तुळ 154. बेरीज 594. ज्याचं 748 आलं त्याने नसलेलं झाकण लावलं आणि 440 वाल्याने बूड काढून टाकलं, हे त्यालाच त्याच्या तोंडून सांगू द्या, तुम्ही सांगू नका.
शंकूसाठी 14 सेमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापायला लावा आणि गुंडाळा, सरळ कड कडेला चिकटवली की टोपी तयार. अर्धवर्तुळाचा कंस 44 सेमी, तोच खालचा घेर झाला म्हणजे खालची त्रिज्या 7. तिरकी उंची 14, कारण ती कागदाचीच कड आहे. सरळ उंची पट्टीने मोजा, 12 च्या जरा वर येते. आता कागद किती वापरला? अर्धवर्तुळ, म्हणजे 308, आणि πrl ने पण 308. h टाकून 308 येतच नाही, हे मुलाला स्वतः करून कळलं की मग तो विसरत नाही.

सांवेर_रोड_वाला
मी गणिताचा माणूस नाही, आमचं गत्त्याच्या खोक्यांचं काम आहे, पण हे वाचून राहवलं नाही. पुस्तकातलं पृष्ठफळ आणि आम्हाला लागणारा गत्ता कधीच सारखा नसतो. 30 × 20 × 15 सेमीचं खोकं घ्या, पुस्तकाप्रमाणे 2700 चौ. सेमी. पण खोक्याला वर-खाली चार-चार पल्ले असतात ना, लांब बाजूचे दोन मधे येऊन भिडतात आणि आखूड बाजूचे त्यांच्या आत दबतात, तो माल दिसत नाही पण लागतो तर. आमची शीट निघते 100 बाय 35, म्हणजे 3500, वर चिकटवायची पट्टी वेगळी. मुलांना किराणा दुकानातून रिकामं खोकं आणायला सांगा, जोड उघडून जमिनीवर पसरवा आणि विचारा की 800 गेले कुठे. मजा येते हो, आमच्या पोराने शोधून काढलं होतं.

जुना_मास्तर
वा दादा! ताई, हे तर आधीच घ्या. 800 म्हणजे वर 20 × 20 आणि खाली 20 × 20, आखूड पल्ल्यांचा दबलेला माल. हुशार पोरांना खोक्याची लांबी l, रुंदी b, उंची h धरून लिहायला लावा, शीट 2(l+b)(h+b) येते.

फक्त_पेपरची_चिंता
सगळं छान आहे पण एवढा वेळ कुठून आणणार? सिलॅबस संपवायचा असतो, पालक विचारतात चॅप्टर किती झाले. माझ्या मते उघडा डबा, खोलीच्या चार भिंती, दोन घन चिकटवले, अर्धगोल, अशा टाइपची लिस्ट करा आणि रट्टा मारून घ्या. पेपरात याच्या बाहेर फारसं येत नाही.

रामबागची_ताई
दादा, रट्टाच तर चाललाय इतकी वर्षं 😄 दोन घन चिकटवल्यावर पण तेच, 6 सेमीचे दोन घन, मुलं डोळे मिटून 216 ची दुप्पट 432 लिहितात, चिकटलेल्या दोन बाजू झाकल्या गेल्या हे कोणी बघतच नाही, उत्तर 360. मास्तर, खोकं आणि टोपी या रविवारी घेते. गोलाचं काय करू पण? तो तर उलगडत नाही.

जुना_मास्तर
उलगडत नाही म्हणूनच दोरी. रबरी चेंडू दोन जाड पुस्तकांमधे धरा, पुस्तकांतलं अंतर म्हणजे व्यास. त्याच्या निम्म्या त्रिज्येची चार वर्तुळं कागदावर काढा. चेंडूभर दोरा गच्च गुंडाळा, मग सोडवून तोच दोरा वर्तुळांत मधून बाहेर गोल गोल भरत जा, चारही जवळजवळ भरतात.

रामबागची_ताई
एक मिनिट, निम्म्या त्रिज्येची? मग तर वर्तुळं सोळा लागतील ना?

जुना_मास्तर
हो हो, निम्म्या व्यासाची म्हणायचं होतं, म्हणजे चेंडूचीच त्रिज्या. घाईत टाईप केलं. आणि सुतळी घेऊ नका, जाड असते, चेंडूवरून घसरते आणि मधे फटी राहतात. लोकर घ्या, आणि टोकाला टाचणी किंवा सेलोटेप.