दहा थेंब घातले, तरी वड्यांना वास का येईना?

शहापूरची_धाकटी_सून:
नमस्कार. बेळगावात शहापूरला आमचं जुनं कौलारू घर आहे. जून लागला की भिंतींना ओल धरते, कपडे आतच दोरीवर, आणि घरभर ओल्या फडक्याचा वास. उदबत्ती लावली की सासूबाईंना ठसका लागतो. म्हणून यंदा वॅक्स मेल्ट करायचं मनावर घेतलं. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, या वात नसलेल्या मेणाच्या वड्या. गरम वाटीत ठेवायच्या, मेण वितळतं, वास सुटतो, धूर नाही.

सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, ऑनलाइन मागवलं. त्यातलं २०० ग्रॅम घेतलं, पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवून वितळवलं आणि चांगलं कडकडीत असतानाच गवती चहाचं आणि संत्र्याचं इसेन्शियल ऑइल मिळून मोजून दहा थेंब घातले. व्हिडिओतली बाई ‘दोन-चार थेंब’ म्हणाली होती, मी हात सैल सोडला! साचा नव्हता, मग आप्प्याच्या पात्रात ओतलं. हो, घरातल्याच. सासूबाईंचं माहेर हुक्केरीकडचं, त्या त्याला पड्डूचा तवा म्हणतात. त्या दिवशी त्या मलाही कानडीत बरंच काही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विजेच्या कापूरदाणीत एक वडी ठेवली. वाटीला नाक लावलं तर जरासा वास. सोप्यात, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीत, उभं राहिलं तर काहीच नाही. वर पांढरी बुरशीसारखी जाळी पण आलीय. तेल भेसळीचं असेल का? परसात गवती चहा माजलाय, त्याचीच पानं मेणात उकळली तर चालेल का? आणि घरात मांजर आहे, तेही सांगून ठेवते.

अनगोळचा_भाचा:
काय करूलालाय काकू! आमची आज्जी पावसाळ्यात शेणीच्या निखाऱ्यावर ऊद टाकून बाळाच्या लंगोटांना धुरी द्यायची. एक पैसा खर्च नाही. 😄

शहापूरची_धाकटी_सून:
बाळा, ठसका लागतो असं वर लिहिलंय की. वाच आधी.

खानापूरची_मेणवाली:
ताई, तेलाला नावं ठेवू नका, हिशेब बघा. साधारण वीस थेंबांचं एक मिली होतं. म्हणजे दहा थेंब अर्धा मिली, वजनाला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. २०० ग्रॅम मेणात तो पाव टक्का झाला. पातेलंभर आमटीला मिठाचा एक खडा! वड्यांना शंभराला सहा तरी लागतं, तेही वजनावर. तुमच्या २०० ग्रॅमला १२ ग्रॅम, म्हणजे दहा मिलीची आख्खी बाटली संपून दुसरीला हात घालावा लागेल. खर्च तिथंच आहे, मेण स्वस्तच असतं. व्हिडिओवाल्या हे सांगत नाहीत, कारण ‘दोन-चार थेंब’ ऐकायला बरं वाटतं. सोन्या-चांदीचा नाही, पण एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा घ्याच. आणि जास्त घातलं म्हणजे जास्त वास, असंही नाही. मेणाला पेलवेना झालं की तेल वर घामासारखं सुटतं आणि वड्या चिकट होतात. माझ्या पहिल्या दिवाळीतल्या चाळीस डब्या अशा परत आल्या होत्या.

दुसरी चूक गरमीची. मेण ७५-८० अंशांना नीट वितळू दे, मग गॅस बंद. ६५ च्या आसपास आलं की तेल घाला आणि सावकाश दोन मिनिटं ढवळा. संत्र्याचं तेल फार उडाऊ. बाटलीवर ‘फ्लॅश पॉइंट’ लिहिलेला असेल तर तो पन्नासच्या आसपास दिसेल. काहीजणी तो बघून घाबरतात की तेवढ्याला वास जळून जातो. तसं नाही. तेवढ्या गरमीला त्याची वाफ जवळच्या ज्योतीनं पेट घेऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर तेल घालताना गॅस बंद असायला हवा. आणि कधी मेणानं पेट घेतलाच तर वर झाकण टाकायचं, पाणी अजिबात नाही.

संत्रं आणि गवती चहा दोन्ही वरच्या वासाची. आली म्हणेपर्यंत गेली. खाली धरून ठेवायला काहीतरी जड लागतं, म्हणून मी त्यात वाळ्याचं तेल घालते. आमच्याकडं दुकानात ‘लावंच’ हे कानडी नाव सांगितलं की लगेच कळतं. १२ ग्रॅममध्ये ७ गवती चहा, ३ संत्रं, २ वाळा करून बघा. वाळा परवडला नाही तर पाचोलीचं तेल.

ती पांढरी जाळी बुरशी नव्हे. सोया मेण थंड होताना असे स्फटिक धरतंच, वासाला त्याचं काही नाही. आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी लावलीत! सोयाला झाकणाच्या डब्यात दहा-पंधरा दिवस मुरू द्यावं लागतं. लोणच्याला नाही का थांबत आपण?

परसातली पानं मेणात उकळू नका. पानातल्या पाण्यानं मेण तडतडतं, आणि वास म्हणाल तर उकडलेल्या पालेभाजीचा येतो. मी करून बघितलंय.

आता जरा रागवते. धूर नाही म्हणजे ठसका नाही, असं धरून चालू नका. तेलाची वाफ दमेकऱ्यालाही खुपते. सासूबाईंच्या खोलीत लावूच नका, लावाल तिथं खिडकी उघडी ठेवा. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत. टी ट्रीचं तेल तर घरात आणूच नका, संत्र्याचंही बेतानं. मांजराला बाहेर जायला दार मोकळं हवं आणि वाटी त्याच्या उडीच्या टप्प्यात नको. नीलगिरी आणि कापराची तेलं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, थोडं पोटात गेलं तरी धोका असतो.

कापूरदाणीत मेण काठोकाठ भरू नका. माझं एकदा उतू जाऊन प्लगच्या फटीत गेलं होतं, वीज गेली आणि वर शेजारणीचे टोमणे. खाली दिवा लावायचं मातीचं भांडं असेल, तर वरच्या वाटीत नुसतं सुगंधी तेल घालताना आपण पाणीही घालतो, पण वडीबरोबर पाणी घालायचं नाही.

रविवारपेठेचा_गिऱ्हाईक:
भेसळीच्या शंकेवर एक. गवती चहाचं तेल मुळात स्वस्त. शंका घ्यायचीच तर चंदन आणि मोगऱ्यावर घ्या. मोगऱ्याची फुलं वाफेत टाकून तेल निघत नाही, वाफेला ती टिकत नाहीत. अर्क काढायला द्रावक लागतो आणि दहा मिलीला ढीगभर फुलं जातात. त्यामुळं दीडशे रुपयांची ‘मोगरा इसेन्शियल’ बाटली म्हणजे कृत्रिम सुगंध. तो वाईट नाही, मेणात उलट चांगला टिकतो, पण नाव तेवढं खरं लिहावं. चंदनाचंही तसंच. म्हैसूर संस्थानात १९१६ साली सरकारी चंदनतेलाचा कारखाना निघाला, तेव्हापासून आपल्या राज्यात चंदन म्हणजे अभिमानाची गोष्ट. म्हणून कुणी खरं चंदनतेल फुटपाथवर शंभर रुपयांत विकत असेल असं समजू नका.

शहापूरची_धाकटी_सून:
मेणवाल्या अक्का, हात जोडते. पाव टक्का वाचून मी स्वतःशीच हसले. काटा आणला, १०० ग्रॅमचीच खेप केली, सहा ग्रॅम तेल. वाळा शंभर ठिकाणी विचारला, शेवटी ‘लावंच’ म्हटल्यावर एकानं लगेच काढून दिला, तोवर तो मला ‘नाही’ म्हणत होता!

बारा दिवस डब्यात ठेवल्या. काल लावली. सोप्यात अजून मंदच वाटतो, पण मागच्या छोट्या खोलीत, जिथं कपडे वाळतात, तिथं दारातच कळतो. आणि गंमत म्हणजे मला येत नव्हता. मी दिवसभर त्यातच, नाक मेलेलं. धाकटी नणंद बाहेरून आली आणि म्हणाली, चहा टाकलास काय?

आता दोन गोष्टी. सोप्याला काय करू? आणि तो पड्डूचा तवा. उकळत्या पाण्यात बुडवून मेण काढलं, साबणानं तीनदा घासला, तरी पहिल्या घाण्याला गवती चहाचा वास. सासूबाईंनी खाल्ले, पण बोलल्या नाहीत. ते बोलण्यापेक्षा वाईट.

खानापूरची_मेणवाली:
सोप्यात तुम्ही काही करू शकत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा वर जाते, तुमची वडी कावळ्यांना वास देतेय. दोन वाट्या ठेवल्या तरी तेच. बंद होणाऱ्या खोलीतच लावा. आणि ओलीचा वास हा ओलीचाच असतो, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलंत तर वडीपेक्षा जास्त फरक पडेल.

वास संपलेलं मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबते. वाटी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की वडी सुटून येते. ती बंब पेटवायला ठेवा, ओल्या लाकडालाही लगेच धरते. खिडकीच्या गजाला, अडकणाऱ्या खणाला घासायलाही बरी.

तवा बिडाचा आहे की निर्लेप?

शहापूरची_धाकटी_सून:
बिडाचा. सासूबाईंच्या आईचा.

खानापूरची_मेणवाली:
अरे देवा. बिडाची भांडी वास पितात. खोबरेल लावून अंगणात मंद आचेवर तापवा, पुसा, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा. आतमध्ये करू नका, धूर होतो. आणि पुढच्या वेळी मोदकाचा प्लॅस्टिकचा साचा आणा, वीस रुपयांत मिळतो.

अनगोळचा_भाचा:
काकू, पहिला घाणा माझ्याकडं पाठवा. गवती चहाचे पड्डू, आल्याच्या चहाबरोबर भारी लागतील.